फक्त सरावासाठी

मिरजेत, आमच्या तालमीत,
करेलाच्या जोडीवरच्या खिळ्याला
एक हातमोजा टांगलेला असायचा. डाव्या हाताचा.
उजवा कुठं गेला, कुणाला ठाऊक नव्हतं.

मिशन हॉस्पिटलातल्या एस्तेर सिस्टर
मायदेशी परतताना अब्बांना देऊन गेल्या.
त्यांचा भाऊ म्हणे चांद्रवीरांच्या तालमीत नोकरीला.
तिथं दगड दळून राखाडी माती करत,
दोरांना माणसं टांगत
आणि चालायला शिकवत, पुन्हा पहिल्यापासून.

मनगटाच्या आत शिवलेली पट्टी.
सिस्टरनीच अर्थ सांगितला होता:
फक्त सरावासाठी. उड्डाणासाठी नाही.

नवी पोरं विचारायची,
"वस्ताद, ह्यो चंद्रावर गेलता?"
"न्हाई. पर रोज तयार हुता."

एकदा त्यांनी हिशेब घातला,
छ्याण्णव किलोचा गडी तिथं सोळा किलो.
"मग ढाक मारली तर? गडी खाली यीस्तवर
आपला चहा पिऊन हुईल की!"
पोरं हसून हसून मातीत लोळली.

ती माती माझी.
ताक, तेल, लिंबू, काव, सांगलीच्या पेठेतली हळद.
पहाटे कुदळीनं उकरायची, पोरं यायच्या आत,
आणि निघून जायचं.

दस्तगीर माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा.
दुपारी दाराला कडी घालून
अंगणात माझ्यावर डाव बसवायचा.
पट, कलाजंग, एकलंगी.
कुंडलच्या मैदानात त्यानं जे जे मारलं
ते आधी माझ्या पाठीला माहीत होतं.
तिकडं हलगी कडाडली त्या दिवशी
मी गुडघ्याला हळद लावत बसले होते.

अब्बा गेल्यावर पुण्याहून एक गृहस्थ आले.
असल्या वस्तू जमवतात.
पांढरे मोजे घालून त्यांनी मोजा हातात घेतला,
पट्टी वाचली,
आणि आकडा निम्म्यावर आला.
"जाऊन आलेला असता, तर..."
चहा दिला त्यांना. मोजा नाही दिला.

रात्री दिवा न लावता हौद्यात उतरले,
पहिल्यांदाच कुदळीशिवाय.
मोजा चढवला.
आत कुणाच्या तरी बोटांचे खळगे,
माझ्या बोटांना सैल.
पंजा टेकवला. सगळा भार दिला.
उमटला, जाडजूड, पेरापेरांवर शिवण असलेला.

पहाटे सगळी माती उकरली,
तेवढी वीतभर सोडून.

पोरं आली. शड्डू ठोकले.
पहिली जोड नेमकी तिथंच लागली.