विरायची वेळ

रात्री अडीच वाजता सात नंबरची टाकी
ताकासारखी स्वतःलाच घुसळते आहे.
काचेच्या गोल झरोक्यात फेस चढतो, बसतो,
आणि मी, चिगुसा,
रबरी बुटांत पाय सुजलेली,
नत्राचा नळ बंद करते.

या घडीला माझं काम एवढंच.
तेल चालू ठेवायचं, नत्र तोडायचं.
ताट वाढलेलं, आणि वाढायला बंदी.
मग हे जीव घाबरतात.
(घाबरतात हा माझा शब्द. अहवालात असं लिहू नकोस,
असं तोकुहिरासान दोनदा बजावून गेलेत.)
घाबरले की साठवू लागतात
पोटात पांढरे मणी,
पुढच्या वाईट दिवसांसाठी,
एकाला चिकटून एक,
शंभरातले ऐंशी भाग नुसती पुंजी,
उरलेल्या विसात कसाबसा जीव.

मूळची ही मातीतली जात.
पाण्यात राहणाऱ्या कुणा परक्याचा एक जनुक
कुणीतरी हिच्यात आणून बसवला,
तेव्हापासून मणी ठिसूळ राहिले नाहीत, वाकू लागले.
उसना स्वभाव, पण मुरला अंगात
विरजणासारखा.

वाईट दिवस येतात ते आमच्याच रूपात.
सकाळी आम्ही त्यांना फोडतो,
धुतो, गाळतो, वाळवतो.
खाली पडतं तांदळाच्या पिठासारखं काहीतरी.
त्याला वास नसतो.
पहिलं वर्षभर मी रोज हुंगून पाहायचे.

आमच्या घरी कालवांची शेती.
बाबांचे बांबूचे तराफे खाडीत,
खाली सोडलेल्या तारा, तारेत ओवलेले शिंपले,
दोन शिंपल्यांमध्ये अंतर राखायला
बोटाएवढी प्लास्टिकची नळी.
वादळ होऊन गेलं की नळ्या किनाऱ्याला लागायच्या.
पाचवीत असताना शाळेनं सफाईला नेलं,
मी एका सकाळी चारशे बारा वेचल्या.
बऱ्याच नळ्यांच्या टोकाला लाल ठिपका होता.
ठिपके द्यायला दर हिवाळ्यात मीच बसायचे बाबांशेजारी.
बाईंना सांगितलं नाही.

म्हणून, आमच्या पिठाच्या नळ्या झाल्या तेव्हा
पहिला तराफा मी बाबांचाच मागितला.
कालवं भरायला दोन हिवाळे लागतात.
नळ्यांनी चौदा महिने काढले.
त्या उन्हाळ्यात पाणी भलतंच तापलं,
आणि त्या गेल्या. ओरखडा नाही, तुकडा नाही.
शिंपले घसरत एकमेकांवर आले,
तळाच्या तारा चिखलात बसल्या,
अर्ध्या पिकावर विरजण.

माफी मागायला कंपनीनं मलाच धाडलं,
माझ्याच घरी, खरबुजाची पेटी देऊन.
मी उंबऱ्यातच वाकून उभी. आई आत भांडी आदळत होती.
बाबांनी खरबूज कापलं, एक फोड खाल्ली,
बिया मुठीत धरून म्हणाले,
खोटं नाही बोलली तुझी नळी.
फक्त घाई केली.

चिखलातही असेच कुणी असतील,
डोळ्यांना न दिसणारे, भुकेले.
एकाने पोटाला चिमटा घेऊन ठेवलेलं
दुसऱ्याच्या तोंडी लागलं.
त्यांच्यावर रागवायचं तरी कसं?
आपण तर त्यासाठीच पगार घेतो.
पण टाकीसमोर बसून कित्येक रात्री
मी हाच एक हिशोब मांडते आहे:
विरायचं खरं, पण कधी?
तेल किती, उपास किती तास,
मण्यांत लवचिकपणा किती टक्के,
म्हणजे एक वस्तू दोन हिवाळे थांबेल
आणि तिसऱ्याला उरणार नाही.

नवी नळी, एकच, धक्क्याखाली बांधली आहे.
लाल ठिपका बाबांनी आपणहून दिला.
दर महिन्याच्या पहिल्या पहाटे
बोट काढण्याआधी ते ती वर ओढतात,
अंगठ्याचं नख दाबून बघतात.
आमच्या यंत्रांवर त्यांचा विश्वास नाही.

आज एकोणिसावा महिना.
तीनला फोन वाजतो.
इंजिनाची धडधड, वारा, खोकला.
‘नख रुतत नाही,’ एवढंच.
मी नत्राच्या काट्याकडे बघत थांबते.
ते फोन ठेवत नाहीत.
‘थोडंसं रुततं,’ म्हणतात.