बारावं भोक

मे महिना. धरणगावात दुपारी दोनला
शटर अर्धं ओढून घ्यायचं
आणि पंखा बंद करायचा.
(पंख्याखाली स्क्रू सांभाळून दाखवा कुणी.)
कपाळाला ओला रुमाल घट्ट बांधायचा,
कारण मदरबोर्डवर पडलेला घामाचा थेंब
माझ्या धंद्यात सगळ्यात महाग.

मग शटरच्या पट्टीला बोट टेकवायचं.
अंगातली वीज जमिनीत जाते,
चटका बोटात राहतो.

लॅपटॉप हिरालाल अत्तरदेंचा,
जिनिंगच्या वजनकाट्यावरचा. आठ सीझन झाले.
"भलता तपस ताई, नि रातले कन्हस.
नवा लेवाना नही. हाऊच नीट कर."

खाली भोकं बारा, स्क्रू अकरा.
दहा सरळ आले,
मिसळणाच्या डब्यात एकेका वाटीत गेले,
हळदीच्या वाटीत लांबडे, नेहमीसारखे.
डबा मी घरून उचलून आणला तेव्हा
आईने आठवडाभर मोहरी कागदात बांधून ठेवली होती,
बोलली काही नाही.

अकरावा गुळगुळीत.
कुणीतरी भलत्याच पेचकसाने
त्याचं तोंड खाऊन टाकलेलं.
मी विचारत नाही.
हिरालालभाऊ आपण होऊन कॅलेंडर वाचू लागतात.

मेथीच्या जुडीचं रबर स्क्रूवर ताणलं,
त्यावर पेचकस, पेचकसावर सगळा खांदा,
आणि श्वास धरून पाव फेरा.
असल्या पाव फेऱ्यांवर दुकानाचं भाडं निघतं.

झाकण नखाने उचललं. आधी बॅटरीची पिन काढली.
मग पाहिलं.

आत कापूस.
पंख्याच्या पात्यांना पेळू लागलेले,
गरम हवा जायची त्या जाळीवर
राखाडी गादी, सरकीच्या वासाची.
गाड्या काट्यावर चढल्या, उतरल्या,
भरलं वजन, रिकामं वजन,
गाडीमागे एखादा तंतू खिडकीतून आत आला
आणि कुठल्याच पावतीवर चढला नाही.
चिमट्याने ओढून तळहातावर घेतला.
हिरालालभाऊंनी दोन बोटांत धरून ताणला,
सवयच ती:
"धागा आखूड शे."

प्रोसेसरवरची पेस्ट वाळून पापुद्रा झालेली.
पुसली, तुरीच्या दाण्याएवढी नवी लावली.
रॅम तिरकी घालून दाबली,
दोन्हीकडचे चाप टक् म्हणाले.
त्या टक्‌ची हाव मला अजून
पहिल्या दिवसाइतकीच आहे.

मग हार्डडिस्क काढली, जड, कोमट.
तिच्यातलं सगळं आदल्या रात्रीच
नव्या एसएसडीवर उतरवून ठेवलं होतं.
ही हलकी, रिकाम्या काडेपेटीसारखी,
आत फिरणारं काहीच नाही.

झाकण. स्क्रू. बटण.
नऊ सेकंद.

हिरालालभाऊंनी पडद्याकडे पाहिलंच नाही,
कान खाली नेला.
"बंद शे का?"
चालू आहे, म्हटलं.
कापसाच्या गंजीत हात घालून ओल बघतात
तसा त्यांनी तळवा ठेवला, बराच वेळ.
म्हणाले, रात्रपाळीला शेवटची गाडी गेली की
काट्यावर हाच एक बोलणारा असायचा.
कुर्र. मग थांबायचा. मग परत कुर्र.

त्यावर काय सांगणार.
हे कुठल्या पार्टच्या यादीत नाही.

जुनी डिस्क मागून घेतली त्यांनी.
सदऱ्याच्या खिशात टाकली, खिसा लोंबला.
पैसे दोनदा मोजून दिले
आणि उन्हात गेले.

संध्याकाळी केर काढताना
कापसाच्या त्या बोंदऱ्यात काही टोचलं.
बारावा. बारीक, काळा,
तंतूंनी गुंडाळून गुंडाळून
सरकीसारखा झालेला.
फोन लावला.

पलीकडून बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"ऱ्हाऊ दे ताई. दिवाईले इसू."

हळदीच्या वाटीत ठेवलाय, एकटाच.
लांबडे दुसरीकडे हलवले.