केवळ तपासणीसाठी

मरोळला सातव्या मजल्यावर माझं टेबल.
डाव्या स्क्रीनवर लोकांचं दुखणं,
उजव्या स्क्रीनवर त्यांची पॉलिसी.
मी बीएएमएस. नाडी बघायला नांदेडला शिकले,
आता तीच तीन बोटं आकडे दाबतात:
सात म्हणजे मंजूर, आठ म्हणजे शंका,
नऊ म्हणजे नाही.

नऊचं वाक्य तयारच असतं, टाइप करावं लागत नाही:
'रुग्ण केवळ तपासणीसाठी दाखल झाल्याचे दिसते.'
दिसते.
हे क्रियापद कुणी निवडलं ठाऊक नाही,
माणूस फार हुशार असणार.

सोमवारी कुलासो मॅडम भिंतीवर दोन रेघा दाखवतात.
ही स्कॅनच्या खर्चाची, ही प्रीमियमची.
'मधे जेवढी जागा उरते ना,
त्यात तुम्ही सगळे बसलाय.'
म्हणून आम्ही सेंटरवाल्यांशी घासाघीस करतो,
मेथीच्या जुडीसाठी करावी तशी:
महिन्याला दोनशे गुडघे पाठवतो,
बोला, काय लावाल?

आणि चोर नसतात असंही नाही.
मार्चमध्ये कांदिवली, मीरा रोड, वाशी,
तीन नावं, तीन वयं,
फिल्म शेजारी शेजारी ठेवल्या तर कंबर एकच.
चौथ्या मणक्याखाली तोच फुगवटा,
कडेला तोच तिळाएवढा पांढरा ठिपका.
मी पकडलं. केक कापला.
ती कंबर मुळात कुणाची,
हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मग हरेश्वर तांडेल. चोपन्न. वेसावे.
पाठदुखी, डावा पाय थोडा बधिर.
नियम म्हणतो, आधी सहा आठवडे गोळ्या, शेक, व्यायाम,
मग यंत्र.
नियम खोटा नाही, हे मला नोंदवून ठेवायचंय.
बहुतेक पाठी आपल्या आपण बऱ्या होतात,
माझी झाली, कुलासो मॅडमची झाली.
पण 'बधिर'पाशी मी थांबले होते.
एका फाइलीला चार मिनिटं,
घड्याळ कोपऱ्यात उलटं चालतं.
'थोडा' या शब्दाचा हात धरून
मी आठ दाबलं.
उपचारांचा पुरावा जोडावा.

डॉक्टरांनी त्याच कागदाच्या कडेला लिहून पाठवलं:
'पेशंट बोटीवर असतो. शेक कुठे घेणार?'
याला कोड नाही.
मी पुन्हा आठ दाबलं.

पंधराव्या दिवशी फाइल आपोआप बंद झाली,
उत्तर न आल्याने.
सिस्टीम हे काम रात्री दोनला करते,
कुणालाही न उठवता.
महिनाअखेरच्या तक्त्यात साडेआठ हजार
'वाचले' या रकान्यात जाऊन बसले.
वाचले.
आमच्याकडे हा शब्द माणसांसाठी ठेवलेला असतो.

बरा झाला असेल.
किंवा बायकोची पाटली मोडून
कुठल्या तरी तळघरात, पांढऱ्या नळीत
न हलता पडला असेल वीस मिनिटं, ठकठक ऐकत.
किंवा तिसरं काही,
जे माझ्या स्क्रीनवर यायचं तर
वेगळ्या विभागात येईल.

रविवारी वेसाव्याला गेले.
आमच्या घरी मासे कुणी खात नाही,
घाण वाटली नाही, एवढंच सांगते.
धक्क्यावर पुरुष बर्फाच्या पेट्या उतरवत होते
आणि मी पाठी बघत उभी.
कोण गुडघ्यातून वाकतो, कोण कमरेतून,
कुणाचा डावा पाय
फळीवर जरा उशिरा टेकतो.
नाव घेऊन हाक मारली असती
तर चार जणांनी मान वळवली असती.
पुढे काय बोलणार होते?

'काय देव, बाय?' टोपलीमागून कुणी तरी विचारलं.
काही नाही, म्हटलं, नुसतं बघायला आले.
तिनं बांगडा उचलला,
अंगठ्यानं कल्ला वर केला
आणि माझ्या तोंडासमोर धरला.
'मंग बघ ना. आतमदी बघ.
बघायचं कय पैसं परत नाय.'