गावलं का?

विद्यापीठाच्या मागच्या इमारतीत, रात्री दीडला
आलेखावर एक टेंगूळ उगवलं.
पाच क्वार्क एकत्र, कदाचित.
कदाचित चार, आणि माझी राहिलेली झोप.

उद्यमनगरातून अण्णांचा फोन, मागं लेथची घरघर:
"गावलं का तुझं ते?"
अजून बघायचंय, म्हटलं.
सुटं काढून दाखवता येत नाही, अण्णा,
ओढावं तर धरून ठेवणारा जोर ढळत नाही,
आणि तुटलंच तर तुटल्या टोकांना
तिथल्या तिथं नवे जोडीदार फुटतात.
ते हसले. "म्हंजे आपल्या भाऊबंदकीगत."

मार्चात दुप्पट टकरींची नोंद हाती आली.
टेंगूळ बसलं.
सायबर चौकातला गतिरोधक
एका रात्रीच्या डांबरात गेला होता, तसं.
सर म्हणाले, लिही: आढळले नाही.
आणि किती नाही, तेही लिही.

लिहिलं.
दशांशाच्या चौथ्या स्थळापर्यंत नाही.

सांगायला शेडवर गेले तर अण्णा
कास्टिंग टांगून, हातोडीनं हलकं ठोकून
कान देऊन उभे,
आत कुठं पोकळी वाजते का.
मला हातानंच थांब म्हणाले.
मग, "ह्यात न्हाई,"
आणि पुढचं उचललं.