नाडी

पाचवा लागला आणि एका रात्री
परकर उतरवताना दिसलं:
कमरेभोवती लालसर वळ,
दावं काढल्यावर गाईच्या मानेवर उरतो तसा.
बोट फिरवलं. चुरचुरलं.
गाठ मीच मारली होती, सकाळी,
दातांत पिन धरून, श्वास आत ओढून.
घट्ट हवी, नाहीतर निऱ्या सुटतात वर्गात.

सातवीला भूगोल शिकवते मी, कळव्याच्या शाळेत.
विषुववृत्त ही काल्पनिक रेषा आहे,
असं दरवर्षी सांगते फळ्यासमोर.
माझं मात्र उमटलं होतं
आणि खाजत होतं.

हेडसरांना अर्ज केला:
प्रकृतीच्या कारणास्तव साडीऐवजी कुर्ता.
सगळा स्टाफ बघत होता माझ्या पोटाकडे
आणि सर पंख्याकडे.
मंजूर, असं पंख्यालाच म्हणाले.

कुर्त्याचं निभलं. आतल्याचं काय?
त्याचा अर्ज कुणाकडे करायचा?

हुक शेवटच्या खाचेत, तरी बरगडीत रुतणारा.
इलॅस्टिक जांघेत करकचलेलं.
घामोळं, तेही कुणाला दाखवणार अशा जागी.
चौदाव्या वर्षापासून साइज मी पुटपुटत आलेय,
काउंटरवर झुकून, उधारी मागावी तशी.
दुकानदार वर न बघता खोका काढतो,
काळ्या पिशवीत घालतो,
संपलं.

बिल्किस मॅडमनी शनिवारी शाळा सुटताच
मला रिक्षात कोंबलं, खाडीपूल ओलांडून
जांभळी नाक्याच्या एका बोळात नेलं.
दोन लेकरांची आई, आवाज पीटीच्या तासाचा:
"सुती काढा. नायलॉन नको, लेस नको.
पोटाखाली बसणारी दाखवा, पोटावर चढणारीही.
आणि ती तारेची ब्रा ठेवा आत,
आम्ही काय कुंपण घालतोय?"
बोळातली मिरचीवाली वळून हसली.
मी फरशीत शिरायला फट शोधत होते.

पडद्यामागे दमयंतीबेननी टेप गुंडाळली,
सैल, दोन बोटं आत ठेवून.
आकडा सांगितला.
पुन्हा मोजा, म्हटलं मी.
"पोटाचं सोड," त्या म्हणाल्या,
"आधीपासूनच चुकीचा घालत होतीस तू."

बारा वर्षं एका चुकीच्या आकड्यात राहिले
आणि दोष खांद्यांना दिला.

तीन घेतल्या. बिल्किस मॅडमनी चौथी घ्यायला लावली,
एक नंबर मोठी: "वाढशील अजून."
किती साधं बोलल्या.
मापात राहा, एवढंच ऐकत आले होते आजवर.

बुधवारी डॉक्टरीणबाईंनी मनगट धरलं.
"नाडी जरा जलद आहे."
मी बोलून गेले, सैल केलीय आता.
त्या गोंधळल्या. मग उमगलं,
मग आम्ही दोघी इतक्या हसलो
की आतून कुणीतरी ढुशी दिली,
पहिली.

राहिला प्रश्न दोरीचा.
आमच्याकडे या गोष्टी टॉवेलखाली वाळतात,
म्हणजे वाळतच नाहीत,
दमट राहतात, चोरासारख्या.
आज पारसिकच्या डोंगरावरून ऊन आलं तेव्हा
मी चारही गॅलरीत पुढच्या दोरीवर घातल्या,
चिमटे लावून, समोरच्या बिल्डिंगच्या तोंडावर.

सासूबाई आल्या टॉवेल घेऊन.
थांबल्या.
एकीची कड बोटांनी ताणून पाहिली, सोडली.
"केवढ्याला?"
सांगितलं.
काही बोलल्या नाहीत. टॉवेल
मागच्या दोरीवर टाकला.
भाजी निवडायला बसलो तेव्हा, बऱ्याच वेळाने,
मेथीच्या जुडीला सांगावं तसं म्हणाल्या,
"माझ्या मापाची मिळेल का गं तिथे?"