डहाळी

पौषात सहालाच काळोख पडतो आमच्याकडे.
धान कापलेल्या बांधीतून थंडी पायी चालत येते,
आधी चपलेत शिरते, मग बोलण्यात.
सारस मोजायला आलेली मंडळी गेस्ट हाऊसवर परतली,
एकटा लेओपोल्ड मागं राहिला माझ्या जीपमध्ये,
गळ्यात दुर्बीण, नाक टमाट्यासारखं.
म्हणाला, जिथं माणसं बसतात तिथं ने.
हॉटेल नको.

तलावाच्या पाळीखाली झनकबाईचं घर.
फाटकावर बोरीची डहाळी टांगलेली,
हिरवीगार, सुतळीनं बांधून.
हा उतरला आणि तिच्याखाली थांबला
टोपी काढून,
जसं कुणी आपल्याच दारात थांबावं
बऱ्याच वर्षांनी.

त्याच्या ऑस्ट्रियात म्हणे द्राक्षाचे मळे.
नवी वाइन तयार झाली की त्याची आई
फाटकावर पाइनची फांदी लावायची.
फांदी आहे तोवर घर सगळ्यांचं :
स्वयंपाकघरात बाकडी, घरचा पाव, घरची चरबी,
बाहेर गुडघाभर बर्फ.
फांदी उतरली की घर पुन्हा घर.
“इथंही तेच,” तो म्हणाला. “इतक्या लांब!”

मी झनकबाईला विचारलं.
“शेरीसाठी टांगली जी.
खाली टाकली त तुडवते, खात नाही.
मोठी नाटकी आहे.”
मी भाषांतर केलं : हो म्हणते.

शेकोटीजवळ नोहरू ढिवर आधीच बसलेला,
त्यानं न बोलता बूड सरकवलं.
चैतात वेचलेला मोहा,
ढोलीत वाळून मनुक्यासारखा झालेला,
आज सकाळी मडक्यातून थेंबथेंब उतरला होता.
पहिला घोट झनकबाईनं विस्तवावर टाकला.
निळी जीभ उठली, गेली.
मग पळसाचे द्रोण.
लाखोरीचे वडे, जवसाची चटणी,
निखाऱ्यावर भाजलेले बोटाएवढे मासे,
काट्यासकट खायचे.
तो प्रत्येक घासाला नाव विचारत होता
आणि प्रत्येक नाव चुकवत होता.
नोहरू त्याला मासा शिकवत राहिला,
जाळं हातांनी, पाणी भुवयांनी.

तेवढ्यात ती आली.
मागचे पाय वळचणीच्या दगडावर, मान वर,
आणि पाहुण्याची सगळी खूण
करकर चावून संपवली तिनं
काट्यांसकट, आमच्यासमोर.
लेओपोल्डनं माझ्याकडं पाहिलं.
मी द्रोणात पाहिलं.
मग तो असा हसला
की पाळीवरचे बगळे उठले अंधारात.

उशिरा त्यानं फोनमधला फोटो दाखवला.
बर्फ, फाटक, खिळा.
खिळ्याला काही नाही.
“किती वर्षं?” मी विचारलं.
त्यानं बोटं मोजायला घेतली,
मधेच सोडून द्रोण उचलला.
झनकबाईला यातलं काही सांगितलं नव्हतं,
तरी तिनं त्याच्या द्रोणात थोडी जास्त ओतली.
पैसे धरले नाहीत.
“उद्या मोजाले जाता ना पाखरं,” म्हणाली,
“माझ्यातर्फे एक मोजा.”

त्याला दोन वर्षं झाली.
गावानं ती गोष्ट उचलली, जशी गावं उचलतात,
आणि आता खरंच असं झालंय :
डहाळी दिसली की माणसं वळतात,
शेळीनं खाल्ली की आल्या पावली परत.
झनकबाई चिडते. “पहाटंच खाते रांडेची,
सकारीच धंदा बंद!”
पण टांगणं सोडत नाही.

परवा गणतीला निघालो पहाटे.
तिच्या फाटकावर नुसती सुतळी,
दवानं जड झालेली.
झनकबाई लेकीकडं गेलीय म्हणाले, राजनांदगावला,
डोळ्याच्या ऑपरेशनला.
शेळी शेजाऱ्याच्या दावणीला ओरडत होती.
जीप चालू ठेवूनच उतरलो.
बोर बांधावर होतीच,
अंगठ्याला काटा गेला,
डहाळी तोडली, सुतळीत अडकवली,
शेळी सोडून आणली.

आता हे शेळीसाठी केलं असं मी म्हणतो.
नोहरू पाळीवरून बघत होता.
घर बंद आहे हे त्यालाही ठाऊक,
तरी आला, फाटकाशी बसला,
विडी पेटवली
आणि थोडी जागा केली.