चार नंबरच्या पंपामागे

सोहारला, समुद्र गोड करायच्या कारखान्यात,
चार नंबरच्या पंपघरामागे
हातभर सावली आहे.
नकाशात नाही. सेफ्टीवाल्यांच्या तक्त्यातही नाही.
वर एसीच्या सहा पेट्या घरघरतात,
त्यांचं पाणी एका फुटक्या पाइपातून
टिपटिपत खाली येतं
आणि तिथे, कुणी न लावता,
एक कडुनिंब उभा राहिलाय.

एकोणीस वर्षं मी इथे खारटपणा मोजतो.
पहाटे, दुपारी, रात्री दोनला
बाटलीत पाणी, पाण्यात काडी, वहीत आकडा.
एवढा दर्या हाताखालून गोड होऊन गेला
पण देवाचं नाव घ्यायला जावं
तर जीभ टाळूला चिकटलेली.
कॅम्पातल्या खोलीत सातेरीचा फोटो होता,
तिच्यापुढे चौघांची बनियनं वाळायची.

आमची सातेरी म्हणजे वारूळ.
नाक नाही, डोळे नाहीत,
लाल मातीचा उंचवटा, आत काळोख
आणि ओल.
फोटोत ओल येत नाही
हे कळायला मला सात वर्षं लागली.

त्या रात्री वेंगुर्ल्याहून फोन आला,
भावाची बोट दोन दिवस दिसली नाही.
सुपरवायझर म्हणाला, शिफ्ट संपव, मग बघू.
मी पंपामागे गेलो, गुडघे चिखलात टेकले,
आणि नाकात गेला तो वास,
गाभाऱ्याचा, मातीच्या पोटातला,
डिझेल आणि क्लोरीन ओलांडून आलेला.
जीभ आपोआप सुटली:
बा देवी सातेरी, बारा वाटांची तू राखणदार,
तुझां एक लेकरू दर्यात आसा,
ताका वाटेक लाव...

गावात इथे चाळीस गळे म्हणतात, होय म्हाराजा!
इथे पंप म्हणाला, घर्र.
मग भिंतीपलीकडून, जरा उशिराने,
कुणीतरी म्हणालं,
आमीन.

गेटवरचा खलफान. वजूला आला होता.
माझा एक शब्द त्याला कळला नव्हता.

तिसऱ्या दिवशी भाऊ मिळाला.
मालवणच्या दोन होडीवाल्यांनी आणला, नावं ठाऊक आहेत,
त्यांचं श्रेय मी झाडाला देणार नाही.
पण तेव्हापासून निंबाच्या एका बाजूला त्याची चटई,
दुसऱ्या बाजूला माझे गुडघे.
याविषयी आम्ही कधी बोललो नाही.
बोलतो ते मीठ, मधुमेह आणि ओव्हरटाइम.

गेल्या मे महिन्यात गावी गेलो.
वारुळाभोवती ग्रॅनाइट बसवलंय. छान आहे.
पाय घसरतात.
गाऱ्हाणं झालं, चाळीस गळे म्हणाले, होय म्हाराजा,
सगळे उठले, नारळ फुटला,
मी तसाच हात जोडून,
एक आवाज अजून यायचा राहिलाय म्हणून.

आता नव्या पेट्या बसणार आहेत,
त्यांचं पाणी बंद नळीतून थेट गटारात जाईल.
नियम असा की मोजून उरलेला नमुना
सिंकमध्ये ओतायचा.
काल ओतला नाही.
रात्री दोनला बाटली शर्टाखाली धरून
चोरासारखा पंपामागे गेलो,
तर मुळाशी माती आधीच भिजलेली,
आणि चिखलात, नुकताच उचललेल्या
खलफानच्या बादलीचा
गोल ठसा.